साडी फेड झाली म्हणे!

आज दुपारी आमच्या सांगलीच्या घरात महाभारत घडलं. आई जुनी इरकल नेसून सोप्यात पीठ चाळत बसली होती. लेक कॉलेजातून आली आणि म्हणाली, "आजी, तुझी साडी फेड झालीये."

आईची चाळण थांबली. "फेडू? भर दुपारी, माणसांदेखत? डोकं फिरलंय काय गं पोरी?"

लेकीला काय चुकलं ते कळेना. मी हसून बेजार. पण नंतर राग आला तो आलाच.

अगं, साडी विटते! फूल कोमेजतं, आवाज विरतो, अक्षर पुसट होतं. पूर ओसरतो. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे डोळे लावून बसलेल्यांना विचारा, ओसरणं म्हणजे काय ते. आणि हे हळदीचं गाव. शर्टावरचा पिवळा डाग साबण लावला की लाल होतो, उन्हात टाकला की उडतो. एवढे शब्द घरात असताना सगळ्याला एकच फेड? आपल्याकडे फेडायचं ते कर्ज, नवस, नाहीतर आईबापाचे पांग. आणि हो, लुगडं. म्हणून तर आई भडकली!

रागारागाने डिक्शनरी काढली. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. फ्रेंचमध्ये आजही 'फाद' म्हणजे अळणी. घ्या! शिवाय इंग्रजांकडेही फुलाला विल्ट, उजेडाला डिम आहेच की. म्हणजे ते वापरतात ढीगभर, आपण उचलला एक.

बरं, सलूनमधला फेड कट राहू दे, त्याला आपल्याकडे शब्द नाही. घाट उतरताना ब्रेक तापून धरेनासे होतात, तो ब्रेक फेडही राहू दे. पण आजीची साडी?

खरं सांगू, परवा मीच धोब्याला म्हणाले होते, "पडदे फेड झालेत." पोरगी ऐकणार कुणाचं?

ती साडी साधी नाही हो. एका वर्षी उसाचं बिल आलं, बाबांनी सोसायटीचं कर्ज फेडलं आणि उरलेल्या पैशात ही इरकल आणली. गर्द हिरवी होती.

संध्याकाळी लेकीला जवळ बसवून म्हटलं, "म्हण, आजीची साडी विटली."

आई आतून ओरडली, "विटली न्हाई, विरलीय. तुला तरी कुठं येतंय?" बाहेर येऊन तिनं पदर खिडकीच्या उजेडात धरला. पलीकडून तिची बोटं दिसत होती.