रेपो उतरला: आधी बँकेत अर्ज, मग महिन्याला एक नाशिकची बाटली

२०२५ च्या सुरुवातीला रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ६.५० टक्के होता, वर्षअखेरीस ५.२५ झाला. फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये पाव-पाव टक्का, जूनमध्ये एकदम अर्धा आणि ५ डिसेंबरला पुन्हा पाव. सव्वा टक्क्याची ही उतरण कर्ज डोक्यावर असलेल्या घरासाठी फार मोठी आहे. तरीही ती कितीतरी घरांत नुसतीच जिरून जाते, कारण दर कमी झाल्याचा मेसेज आला की आपण फक्त हप्ता कितीने घटला ते बघतो. माझं मत पक्कं आहे: हप्ता कमी करून घेऊ नका, मुदत कमी करून घ्या. आणि आनंद साजरा करायचाच असेल तर महिन्याला हजार रुपयांची एक चांगली देशी वाईन घ्या. त्या बाटलीची खरी किंमतही खाली मांडली आहे.

५० लाखांचं कर्ज, २० वर्षं, दर ८.७५ टक्के असेल तर हप्ता ४४,१८६ रुपये बसतो. दर ७.५० झाला की हप्ता ४०,२८० होतो, म्हणजे महिन्याला ३,९०६ रुपये सुटतात. तो घटवलेला हप्ता २४० महिने भरला तर एकूण साधारण ९६ लाख ६७ हजार जातात. तेच दर घटूनही जुना ४४,१८६ चा हप्ता भरत राहिलात तर कर्ज सुमारे १९७ महिन्यांत फिटतं आणि एकूण ८७ लाख १२ हजारांच्या आसपास जातात. फरक साडेनऊ लाखांचा, आणि साडेतीन वर्षं आधी मोकळं होण्याचा. खिशातून एक रुपया जादा न काढता. (गणित सोपं राहावं म्हणून कर्ज नवंच धरलं आहे. तुमचे आकडे बाकी मुद्दलावर काढा.)

आता हे घडवायचं कसं. पहिल्यांदा मंजुरीपत्र काढा आणि तुमचं कर्ज कशाला बांधलेलं आहे ते बघा. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी दिलेली फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराची गृहकर्जं बाह्य मापदंडाला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, जोडलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा त्यांचा दर बदलावाच लागतो. त्याआधीचं कर्ज असेल तर ते एमसीएलआरवर (बँकेच्या स्वतःच्या निधीखर्चावरून ठरणारा दर) किंवा त्याहून जुन्या बेस रेटवर अडकलेलं असू शकतं. एमसीएलआरचा रीसेट सहसा सहा महिन्यांनी किंवा वर्षाने येतो, आणि दर उतरायला तिथे वेळ लागतो. गृहवित्त कंपनीचं कर्ज असेल तर रेपोशी थेट जोडण्याचं बंधन तिच्यावर नाही. तिचा स्वतःचा पीएलआर, म्हणजे मूळ दर, असतो आणि तो किती उतरवायचा हे ती ठरवते. रेपो उतरूनही दर जागचा हलत नाही अशी तक्रार असेल तर कारण बहुधा या तिन्हींपैकी एक असतं.

मग शाखेत किंवा ईमेलवर लेखी अर्ज द्या. मजकूर एवढा पुरे: "कर्ज खाते क्रमांक अमुक. व्याजदर कमी झाल्यामुळे माझा मासिक हप्ता पूर्वीइतकाच ठेवून उर्वरित मुदत कमी करावी आणि सुधारित परतफेड तक्ता द्यावा." पोच घ्या. तोंडी सांगून आलात तर तो विषय काउंटरवरच संपतो. दर वाढताना हप्ता वाढवायचा, मुदत की दोन्ही, हे ठरवण्याची मुभा कर्जदाराला द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. दर उतरतानाही तीच निवड मागा. त्याच परिपत्रकानुसार दर तिमाहीला बँकेने आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर दाखवणारं विवरणपत्र द्यायचं असतं. त्यातला "उरलेले हप्ते" हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. बँकेने हप्ता आधीच कमी केला असेल तर तो पुन्हा पूर्ववत करायला सांगा. नाहीतर सुटलेली रक्कम साठवून अंशतः परतफेड करा. व्यक्तीने घेतलेल्या फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. काही बँका अंशतः भरण्याची किमान रक्कम ठरवतात, तेव्हा दोन-चार महिन्यांचे एकदम भरा आणि "मुदत कमी करा" हे तिथेही लिहून द्या.

२०२२-२३ मध्ये उलटं घडलं होतं, ते विसरू नका. रेपो ४ वरून ६.५० वर गेला. ६.७५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलेल्या ५० लाखांच्या कर्जाचा हप्ता ३८,०१८ होता. दर ९.२५ झाला आणि मुद्दल जवळपास तेवढंच असेल तर महिन्याचं नुसतं व्याजच ३८,५४२ होतं, म्हणजे हप्ता व्याजालाही पुरत नाही. अशा वेळी बँकांनी काहींचा हप्ता वाढवला, पण अनेकांची मुदतच ताणली, आणि ते कर्ज निवृत्तीनंतरच्या वर्षांत शिरलं. ताणलेली ती मुदत आता मागे खेचायची संधी आहे. म्हणूनच हप्ता घटवून घेणं मला चुकीचं वाटतं.

स्प्रेडकडे, म्हणजे रेपोवर बँक लावते त्या जादा टक्क्यांकडे, बघा. रेपो ५.२५ आणि तुमचा दर ८.१५ असेल तर स्प्रेड २.९० आहे. आज तीच बँक नव्या ग्राहकाला २.२५ ने देत असेल तर तुम्ही ०.६५ टक्का जास्त देताय. जुन्या ग्राहकाचा स्प्रेड बँक सहसा आपणहून कमी करत नाही, मागावा लागतो. आधी स्वतःच्याच बँकेत कन्व्हर्जन, म्हणजे नव्या कमी दरात बदल, मागा, थोडं शुल्क घेऊन करतात. नाहीच ऐकलं तर दुसऱ्या बँकेचा विचार. अर्ध्या टक्क्याचा फरक (समजा ८.५० वरून ८), ३० लाख बाकी आणि १५ वर्षं उरलेली असतील तर महिन्याला ८७२ रुपये, एकूण १ लाख ५७ हजारांच्या घरात वाचतात. त्यातून प्रोसेसिंग फी, कायदेशीर तपासणी, मूल्यांकन, मुद्रांक शुल्क आणि नोटीस ऑफ इंटिमेशनचा (गहाणाची सरकारी नोंद) खर्च वजा करा. पाच-सहा वर्षंच उरली असतील तर या धावपळीतून फारसं हाती लागत नाही.

आता बाटली. वरच्या ३,९०६ मधले हजार रुपये वाईनला काढले आणि हप्ता ४३,१८६ ठेवला, तर कर्ज १९७ ऐवजी सुमारे २०६ महिन्यांत फिटतं. नऊ महिने लांबलं. तरी मूळ २४० पेक्षा चौतीस महिने आधीच. ही किंमत डोळ्यांसमोर ठेवून घेतलेली बाटली मला पूर्ण रास्त वाटते.

हजाराच्या आत-बाहेर महाराष्ट्रात खरंच चांगलं मिळतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी आणि तोडणी जानेवारी ते मार्च. त्यामुळे लेबलवरच्या सालाची पांढरी वाईन त्याच वर्षी दुकानात येऊ शकते. पांढरी घेताना सगळ्यात ताजं साल मागा, जुनी बाटली स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. सुरुवात करणाऱ्याने चेनिन ब्लां ही पांढरी वाईन घ्यावी. नाशिकच्या सुला कंपनीची सर्वत्र मिळते, यॉर्कचीही चांगली असते. सुलाच्या चेनिनमध्ये किंचित गोडवा असतो, म्हणून कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, मिरचीचा ठेचा लावलेलं काहीही तिच्याबरोबर जमतं. सोव्हिन्यों ब्लां कोरडी, तिला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो. रवा लावून तळलेले बोंबील आणि लिंबू असेल तर हीच. लाल हवी असेल तर सुलाची शिराझ कॅबर्ने किंवा अकलूजजवळच्या फ्रातेल्लीची साधी क्लासिक मालिका, सुक्या मटणाबरोबर. तांबड्या रश्श्याबरोबर मात्र लाल वाईन घेऊ नका. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं आणि टॅनिनमुळे (द्राक्षाच्या सालीतला तुरट घटक) तोंड कडू पडतं. तिथे गार केलेली चेनिन किंवा झिनफांडेल रोझे. पोर्ट म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त गोड वाईनने सुरुवात करू नये असं मला वाटतं, साखरेखाली द्राक्षाची चव कळतच नाही.

खराब वाईन बहुतेकदा दुकानात खराब होते. काचेजवळ उन्हात उभी असलेली बाटली नको. बूच वर आलेलं, कॅपखाली चिकट ओघळ दिसत असेल तर ती तापलेली आहे, आणि आत जॅम शिजवल्यासारखी चव लागेल. आपल्या उकाड्यात स्क्रू कॅप बरी. पांढरी ८ ते १० अंशांवर, म्हणजे फ्रीजमध्ये तीन तास. लाल "रूम टेंपरेचर"ला द्यावी म्हणतात ते १६ ते १८ अंश असतं, पुण्यातल्या एप्रिलचं ३५ नव्हे, म्हणून तीही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. ७५० मिलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. दोघांना एका बैठकीत संपवायची गरज नाही, झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये पांढरी तीन-चार दिवस आणि लाल दोन-तीन दिवस चांगली राहते.

महाराष्ट्रात वाईनसाठी वयाची अट २१ आहे, आणि दारूचा परवाना दुकानातच मिळतो. गोव्यात तीच बाटली स्वस्त दिसली म्हणून पेटी भरून गाडीत टाकू नका. परवान्याशिवाय राज्याच्या हद्दीत दारू आणणं गुन्हा आहे आणि गोव्याच्या हद्दीजवळच्या बांद्याच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात.