सायकलला कसले नियम बे?

आज संध्याकाळी सोलापुरात आसरा चौकाजवळ आठवी-नववीतलं एक पोरगं उलट्या बाजूनं सायकल हाणत आलं आणि गल्लीतून बाहेर पडणाऱ्या रिक्षावर आदळलं. गुडघा फुटला, पुढचं चाक वाकलं, बाकी निभावलं. गर्दी जमली आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी रिक्षावाल्याला धरलं. एका बाईंनी पोराला विचारलं, 'उलटीकडनं कशाला आलास रे?' तर शेजारचे काका हसून म्हणाले, 'सायकलला कसले नियम बे?'

त्या हसण्यानं डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. लांब आहे. ज्यांच्या घरात सायकल आहे त्यांनी तरी वाचा.

रिक्षावाला उजवीकडे बघत होता आणि त्यानं तेच करायला हवं होतं. गल्लीतून डावीकडे वळताना गाड्या उजवीकडूनच येतात. पोरगं डावीकडून आलं, जिथून कुणी येईल असं कुणाच्या डोक्यातही नसतं. त्यात हिशोब करा. सायकल ताशी १५, मागून येणारी मोटारसायकल ताशी ४०. एकाच दिशेनं जात असाल तर फरक २५ चा. ३० मीटरवरून तिला वेग कमी करायला चार सेकंदांहून थोडा जास्तच वेळ मिळतो. समोरासमोर आलात तर दोन्ही वेग मिळून ५५, म्हणजे जेमतेम दोन सेकंद. 'समोरून येणारं दिसतं म्हणून उलटी बाजू बरी' असं सांगणारे पायी चालणाऱ्याचा नियम सायकलला लावतात. पायी चालणारा एक पाऊल बाजूला टाकू शकतो, सायकल आडवी सरकत नाही.

हो, डिव्हायडरमधली वळायची फट फार लांबवर असते आणि सायकलसाठी वेगळा पट्टा नाही. मान्य. मग उतरा आणि कडेनं हातात धरून न्या. तेवढ्या अंतरात काही बिघडत नाही.

डावी बाजू म्हणजे गटाराची कड नव्हे, हेही पोरांना कुणी सांगत नाही. कडेला वाळू, काचा, चेंबरची खोलगट झाकणं. कडेपासून दोन-तीन फूट आत, सरळ रेषेत चालवायचं. नव्या पेठेसारख्या ठिकाणी गाड्या लावलेल्या असतील तर त्यांच्यापासून मीटरभर लांब, कारण कारचं दार कधी उघडेल सांगता येत नाही. दोन गाड्यांमध्ये जागा दिसली की आत घुसायचं आणि पुढे परत बाहेर यायचं, ही सवय सगळ्यात वाईट. मागच्याला तुम्ही अचानक उगवल्यासारखे दिसता.

त्या पोराची सायकल उचलून बाजूला ठेवली तेव्हा खरी गंमत दिसली. पुढच्या ब्रेकची केबलच नाही! विचारलं तर म्हणे, पुढचा दाबला की माणूस पालथा पडतो म्हणून काढून टाकली. कुणी सांगितलं? मोठ्यांनीच. अहो, ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होऊन घसरतं. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. तो एकदम आवळला तर पालथे पडाल, हे खरं. म्हणून पद्धत अशी: आधी मागचा हलका, लगेच पुढचा हळूहळू वाढवत, बूड सीटवर मागे सरकवून, कोपरं ताणून. वळणात, वाळूत किंवा मुरमावर पुढचा दाबायचा नाही, वेग त्याच्या आधीच कमी करायचा. पावसात रिम ओली असते, चाकाचे एक-दोन फेरे पाणी पुसण्यातच जातात, तेव्हा लवकर सुरुवात करा. ब्रेक करकरतो म्हणून रिमवर तेल सोडणारे महाभाग आहेत. त्यांना हात जोडून नमस्कार.

आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढचा असतो. सायकल पुढे ढकलत एकेक दाबून खात्री करा. पूर्ण दाबल्यावरही ब्रेकची मूठ आणि हँडल यांच्यात दोन बोटं जागा उरली पाहिजे, नाहीतर केबल ताणून घ्या. ब्रेकच्या रबरावरच्या खाचा गेल्या असतील तर रबर बदला. मग पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून बघा. चाक जागेवर राहून हँडल फिरलं तर मधला नट सैल आहे. दहा-वीस हजारांची गियरची सायकल वाढदिवसाला घेता आणि हे बघायला दोन मिनिटं नाहीत? क्लासची पिशवीही त्यानं हँडलला अडकवलेली. ती झोके घेते, हँडल ओढते आणि एखाद्या दिवशी तारांत जाते. कॅरियर कशासाठी असतं मग?

वळण्याआधी मागे बघणं हे तर शिकवावंच लागतं. उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं की नवखा माणूस नकळत उजवीकडेच ओढला जातो, नेमका गाड्यांच्या पुढ्यात. खांदे न वळवता फक्त हनुवटी खांद्याकडे न्यायची, कोपरं सैल ठेवायची. आधी बघायचं, मग हात दाखवायचा, मग दोन्ही हात हँडलवर आणि त्यानंतरच वळायचं. डावा हात बाहेर काढला की हाताशी फक्त पुढचा ब्रेक उरतो, म्हणून डावीकडे वळताना वेग आधी उतरवा.

सात रस्त्यासारख्या गजबजलेल्या चौकात उजवीकडे जायचं तर मधोमध घुसण्याची हौस नको. डाव्या बाजूनंच सरळ चौक ओलांडा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबा, सायकल वळवून उभी करा आणि त्या बाजूच्या गाड्या सुटल्या की त्यांच्याबरोबर निघा. अर्धा मिनिट जास्त लागतो. बस-ट्रकच्या डाव्या कुशीत मात्र कधीच थांबू नका. तिथलं ड्रायव्हरला दिसत नाही आणि वळताना मागची चाकं आतून कापतात. दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर तर त्याहून आत येतो.

हे सगळं लिहिताना राग थोडा उतरला, कारण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून पाळी संपवून घरी जाणारे कामगार डोळ्यांसमोर आले. काळी जुनी सायकल, मागे डबा, आपली बाजू धरून सरळ रेषेत, कुणाला आडवं न जाता. त्यांना कुणी नियम शिकवले नाहीत, तरी त्यांच्याकडून शिकावं असं चालवतात. कमी पडतो तो उजेड. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, पेडलला पिवळे रिफ्लेक्टर. डायनामो असेल तर सायकल थांबली की दिवा विझतो, म्हणून मागचा सेलवरचा घ्या. हेल्मेटची सायकलला कायद्यानं सक्ती नाही. पोरांना तरी घाला.

आणि काका, तुम्ही हे वाचत असाल तर: सायकलला लायसन्स लागत नाही. बाजू लागते!

कुणाला पोरांना शिकवायचं असेल तर रविवारी सकाळी सहाला होम मैदानावर या, ऊन चढायच्या आत आटपू. सायकलीत हवा भरून आणा. दोन्ही ब्रेक जोडलेले असावेत, एकच असेल तर पोरगं नुसतं बघत बसेल.