अठ्ठावीस किलो

परवाच्या रविवारी मी ड्रॅग शर्यतीत, म्हणजे सरळ रस्त्यावर दोन-दोन गाड्या पळवतात त्या शर्यतीत, पहिला आलो आणि हरलो. वाक्यात चूक नाही, पुन्हा वाचू नका. दोन दिवस मी तेच करतोय.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. गाडी छोटी, वीस वर्षांची. कमी खर्चात तिची ड्रॅग कार करायची. कमी खर्च म्हणजे बायकोला सांगता येईल तेवढा, अधिक सांगता येणार नाही तेवढा. या बेरजेतही टर्बो बसत नव्हता, तेव्हा वजन उतरवणं एवढंच हातात उरलं. ढोबळ हिशेब असा, की पाव मैलात, म्हणजे ४०२ मीटरमध्ये, ४५ किलो कमी झाले की एक दशांश सेकंद वाचतो. मागची सीट गेली, स्टेपनी गेली, एसी गेला, टेप गेला, कार्पेट गेलं. कार्पेटच्या खाली आवाज दाबायला डांबराचे थर चिकटवलेले असतात. त्यावर ड्राय आइस टाकला की ते कडक होतात आणि हातोडीने टकाटक उडतात. मला ड्राय आइस मिळाला नाही, बायकोचा हेअर ड्रायर मिळाला. आठ संध्याकाळी पत्र्याला गाल लावून मी ते डांबर खरवडलं. नखांत इतकं भरलं की एका लग्नात अक्षता टाकून हात लगेच खिशात घातले. एकूण निघालं नऊ किलो. म्हणजे दोन शतांश सेकंद. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. हेअर ड्रायरला अजून वास येतो, आणि त्यावरून घरात जे ऐकावं लागतं ते शतांशांत मोजण्यासारखं नाही.

बरं, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी. सुटताना सगळा भार मागे जातो, आणि जोर तर पुढच्या चाकांत. ज्या चाकांनी जमीन धरायची तीच ऐन वेळी हलकी होतात. म्हणून मागचं सस्पेन्शन दगडासारखं कडक करायचं, मागे बारीक टायर टम्म फुगवून लावायचे आणि पुढे रुंद, मऊ टायर कमी हवेवर ठेवायचे. असली गाडी पाहणाऱ्याला वाटतं, टायर उलटे बसवलेत. वाटतं कशाला, तीन जणांनी थांबून सांगितलंही.

नऊ महिने यात गेले. आता काकांकडे येतो.

काका शर्यतीला आलेच नव्हते. ते पुतण्याला सोडायला आले होते. पुतण्याची गाडी सरावातच क्लच जाळून बसली. भरलेली फी वाया जाऊ नये म्हणून काका स्वतःची गाडी घेऊन रांगेत उभे राहिले. मागच्या काचांना कापडी पडदे, ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीला नॅपकिन आणि मागच्या फळीवर मान हलवणारा प्लास्टिकचा कुत्रा. पिटमध्ये, म्हणजे शर्यतीआधी गाड्या उभ्या करतात तिथे, ते नेमके माझ्या शेजारी आले.

"हे काचेवर आकडे कसले?" काकांनी विचारलं. मी पांढऱ्या बूटपॉलिशने १६.२० लिहीत होतो.

मी सांगितलं, की आपली गाडी किती सेकंदांत पोचेल ते आधीच जाहीर करायचं. दोघांच्या आकड्यांत जेवढा फरक, तेवढं आधी हळू गाडीला सोडतात. म्हणजे साध्या गाडीलाही संधी मिळते. शेवटचं वाक्य बोलताना मी त्यांच्या गाडीकडे बघून हसलो, हे कबूल करतो.

"आणि लिहिल्यापेक्षा लवकर पोचलो तर?"

"तर बाद. म्हणजे समोरचाही तसाच चुकला नाही, तर."

"आणि उशिरा पोचलो तर?"

"चालतं, पण मग समोरचा जिंकतो बहुतेक."

काकांनी चष्मा काढला, नॅपकिनने पुसला आणि परत लावला. "अहो, मी एकतीस वर्षं बस चालवली," ते म्हणाले. "तिथेही हेच. स्टॉपवर वेळेच्या आधी गाडी नेली, की मागे राहिलेला पाशिंजर डेपोत येऊन बोंबलणार. उशिरा नेली, की आत बसलेला बोंबलणार. इथे कोणी बोंबलतं का?"

"नाही. इथे शेवटच्या पट्टीवर फोटोसेल असतो, गाडी पोचली की तोच वेळ टिपतो."

"मग सोपंय," काका म्हणाले.

मी त्यांना आणखी बरंच शिकवलं. सुटायचा हिरवा दिवा लागल्यावर तुम्ही डुलकी काढलीत तरी धावण्याचा वेळ वाढत नाही, कारण घड्याळ चाक हलल्यावर सुरू होतं. पण तेवढ्या डुलकीत शर्यत जाते. त्या दिव्यांच्या खांबाला ख्रिसमस ट्री म्हणतात आणि तो १९६३ पासून आहे. त्याआधी झेंडा घेऊन माणूस उभा असायचा. (त्याच्याशी निदान भांडता तरी यायचं.) काका प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मागे कुत्राही हलवत होता. सरावाच्या दोन्ही फेऱ्यांत त्यांना १९.८० लागले होते. शतांशासकट, दोन्ही वेळा. मला तेव्हाच घाम फुटायला हवा होता.

मग स्क्रुटिनीवाल्याने, म्हणजे गाड्या तपासणाऱ्याने, काकांची बॅटरी हलवून पाहिली. ती हलली. घट्ट करून या, म्हणाला.

"दहाचा पाना आहे का हो?"

माझ्याकडे होता. माझ्याकडे सगळंच होतं: पाने, सॉकेट, दोन हातोड्या, जॅक, अशी अठ्ठावीस किलोंची लोखंडी पेटी. नऊ किलो डांबरासाठी आठ संध्याकाळी घालवणाऱ्याच्या डिकीत ही पेटी कशी, असं कोणी विचारेल. पिटमध्ये ठेवली तर कोणीतरी उचलून नेईल, या भीतीने मी ती सरावातही डिकीत पट्ट्याने करकचून बांधली होती. माझे १६.२० तिच्यासकट होते.

"शोधत बसू नका, पेटीच द्या," काका म्हणाले. "परत आणून देतो."

तेवढ्यात आमच्या दोघांच्या जोडीचा नंबर पुकारला.

काकांचा हिरवा माझ्या ३.६० सेकंद आधी. तुम्ही कधी ३.६० सेकंद वाट पाहिली आहे का? इंजिन बोंबलतंय, क्लचवरचा पाय थरथरतोय आणि समोरून एक प्लास्टिकचा कुत्रा तुमच्याकडे बघत, हो हो, हो हो, करत लांब चाललाय. मग माझा हिरवा लागला. टायरने जमीन धरली, स्टिअरिंग नेहमीसारखं एका बाजूला ओढायला लागलं, आणि गाडी अशी पळाली की नऊ महिन्यांत कधी पळाली नव्हती. दुसरा गिअर, तिसरा गिअर. कुत्रा मोठा होत गेला. पट्टीच्या जेमतेम आधी मी त्याला मागे टाकलं. अर्ध्या गाडीने पुढे. मी एकटाच ओरडलो.

बोर्डावर आकडे आले. काका १९.८२. मी १६.१४. बाद.

अठ्ठावीस किलो म्हणजे, वरच्या हिशेबाने, सहा शतांश. मी तो हिशेब रविवारपासून रोज करतो, उत्तर तेच येतं. पेटी माझ्या डिकीत असती तर मी बरोबर १६.२० ला पोचलो असतो. आणि ती होती कुठे? काकांच्या डिकीत, सुंभाने बांधलेली, टपावर सामान बांधतात तशी. ती नसती तर काका १९.७६ ला पोचून स्वतःच बाद झाले असते. माझ्याच लोखंडाने त्यांना वेळेवर ठेवलं आणि मला वेळेआधी पोचवलं.

नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तो नसता तर जो तो मुद्दाम हळू आकडा लिहून लवकर सुटला असता. हे मला समजतं, म्हणूनच तर चडफड जास्त होते. चुकीच्या नियमावर निदान चार लोक तुमच्या बाजूने बोलतात. इथे मी हरकत घेऊन काय सांगणार? साहेब, माझी गाडी फार जोरात पळाली, कारण माझी हत्यारं त्यांच्याकडे होती? गाडी हलकी व्हावी म्हणून नऊ महिने झिजलो, आणि ती झाली तेव्हा माझ्या काचेवर १६.२० लिहिलेलं.

काका पेटी घेऊन आले. "जड आहे हो फार. गाडी बसल्यासारखी वाटली मला," म्हणाले. मग थोडं थांबून विचारलं, "तुम्ही शेवटी ब्रेक का नाही मारला? स्टॉप आला की ब्रेक मारायचा."

पुढच्या फेरीत त्यांच्या काचेवर १९.८० तसंच होतं, पेटी माझ्याकडे होती. काका १९.७६ धावले, बाद झाले, आणि पुतण्याला घेऊन घरी गेले. मला आनंद व्हायला हवा होता.

रात्री मी पेटी उघडली. प्रत्येक पाना पुसलेला, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेला. इतकी नीट ती माझ्याकडे कधीच नव्हती. मी सगळे मोजले. एक तरी कमी निघावा, निदान दहाचा तरी, म्हणजे माणसाला काहीतरी बोलता येतं.

दहाचा होता.