‘डेटा सेफ्टी’ म्हणजे गूगलची तपासणी नव्हे

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या आणि बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावरच्या ‘डेटा सेफ्टी’ या भागात ‘माहिती गोळा करत नाही’ असं लिहिलेलं असलं की ते गूगलने तपासलेलं असतं, बिनधास्त घ्या. हे खरं नाही. २०२२पासून दिसणारी ही माहिती ॲप बनवणारेच भरतात, आणि ती बरोबर भरण्याची जबाबदारीही त्यांचीच. तफावत सापडली तर गूगल कारवाई करू शकतं, पण ते नंतर. आयफोनवरही हाच प्रकार.

मग बघायचं कुठे? अँड्रॉइड १२ किंवा पुढचं असेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी डॅशबोर्ड उघडा. गेल्या २४ तासांत लोकेशन, कॅमेरा, माइक कोणत्या ॲपने किती वाजता वापरला, ते वेळेसकट दिसतं. समजा, पिंपळगावचा कांद्याचा भाव दाखवणाऱ्या ॲपने रात्री दोनला लोकेशन घेतलंय, तर परवानगी तिथल्या तिथे काढा. भाव बघायला ती लागत नाही. घेतलेली माहिती पुढे कुणाकडे गेली, हे मात्र डॅशबोर्ड सांगत नाही. म्हणून कॉन्टॅक्ट्सची परवानगी तर फार विचार करूनच द्या. त्यातले नंबर दुसऱ्यांचे असतात, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.