सॅक्सन सुसंस्कृत होते, पण गरीब गाय नव्हते

नमस्कार. एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी सॅक्सनांना (उत्तर जर्मनीतली जुनी जमात, जिच्यातले बरेच लोक पाचव्या शतकापासून इंग्लंडमध्ये जाऊन वसले) लुटारू ठरवलं ते त्यांच्या शत्रूंच्या लिखाणावर विसंबून, उत्खननात शेतकऱ्यांची साधी खेडी निघतात, आणि खरा रक्तपात केला तो शार्लमेननं, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनीवर राज्य करणाऱ्या फ्रँकांच्या राजानं. म्हणून ते ‘शांतताप्रिय आणि सुसंस्कृत’. यातलं ‘सुसंस्कृत’ मला मान्य. ‘शांतताप्रिय’ मात्र तुम्ही त्याच तिकिटावर आत घुसवलंय.

शत्रूंचं लिखाण बाजूला ठेवू. सॅक्सन चाचे परतताना दर दहा कैद्यांमागे एकाचा बळी देतात, असं लिहिणारा सिडोनियस हा गॉलमधला (आजच्या फ्रान्समधला) रोमन उमराव. त्याला भरपूर सूट द्या. पण बीड (आपल्या मराठवाड्यातलं नव्हे, उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्दम्ब्रियातला मठवासी) स्वतः अँगल होता, म्हणजे सॅक्सनांसोबत इंग्लंडमध्ये आलेल्या भाऊबंद जमातीचा, घरचाच माणूस. 731च्या सुमारास तो सांगतो की जर्मनीतल्या जुन्या सॅक्सनांना राजाच नसे. अनेक सरदार असत; युद्ध आलं की चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याची निघेल तो सेनापती, युद्ध संपलं की पुन्हा सगळे सारखे. मला हे फार आवडतं. पण त्याच प्रकरणात हेवाल्ड नावाच्या दोन धर्मप्रचारकांची हकिगत आहे. गावकऱ्यांनी एकाला तलवारीनं मारलं, दुसऱ्याचे हालहाल करून तुकडे केले. सरदाराला न विचारता हे झालं म्हणून तो भडकला, आणि त्यानं काय केलं? गावकऱ्यांना कापून काढलं, गाव जाळलं.

आता कायदा पाहा. आग्नेय इंग्लंडमधल्या केंटचा राजा एथेलबर्ट यानं 600च्या सुमारास कायदे लिहवून घेतले, तेही लॅटिनमध्ये नव्हे, लोकांच्या भाषेत. (बीड केंटवाल्यांना ज्यूट या तिसऱ्या जमातीचे म्हणतो, पण रीत शेजारपाजारची तीच.) डोळा फोडला तर 50 शिलिंग. अंगठा तोडला तर 20, अंगठ्याचं नुसतं नख गेलं तर 3. पुढच्या दातांना प्रत्येकी 6. खुनाचा बदला खुनानं घेत पिढ्यानपिढ्या वैर चालवण्यापेक्षा भरपाई घ्या आणि मिटवा, हा विचार सुसंस्कृतच आहे. पण जिथं नखापर्यंत दर ठरवावे लागतात, तिथं लोक एकमेकांच्या अंगावर किती वेळा धावून जात असतील?

खेड्यांचा मुद्दा बरोबर आहे. सफोकमधल्या वेस्ट स्टो गावाला तटबंदी नव्हती. तिथं मागाची मातीची वजनं आणि हाडाच्या फण्या सापडल्या. पण इंग्लंडमध्ये त्या काळी पुरलेल्या प्रौढ पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांजवळ शस्त्रं मिळतात, आणि काही लहान मुलांजवळही. मुलं लढायला गेली नसतील हे उघड आहे. भाला हा मानाचा दागिना होता, एवढं तरी त्यातून कळतं.

शार्लमेनबद्दल वाद नाही. 782मध्ये जर्मनीतल्या व्हेर्डेनला त्यानं 4,500 सॅक्सन मारले, असं फ्रँकांच्याच बखरीत आहे. बाप्तिस्मा नाकारला तर मृत्युदंड, हा त्याचाच कायदा. पण त्याच वर्षी झ्युंटेलच्या डोंगरात सॅक्सनांनी फ्रँक फौजेचा फडशा पाडला होता, हे तुम्ही गाळलंत. अन्याय झाला म्हणून माणूस आपोआप अहिंसक ठरत नाही.

2022च्या डीएनए अभ्यासाचा तुमचा दाखला चांगला आहे: पूर्व इंग्लंडमधल्या त्या काळच्या सांगाड्यांत सुमारे तीन चतुर्थांश वंशवारसा समुद्रापलीकडचा, आणि बायकाही आलेल्या. म्हणजे नुसत्या टोळ्या नव्हेत, कुटुंबं आली. पण जमीन कशी मिळाली हे हाडं सांगत नाहीत. पुढं 690च्या सुमारास दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स या सॅक्सन राज्याचा राजा इने याचे कायदे आले. त्यांत साध्या स्वतंत्र सॅक्सनाच्या जिवाची भरपाई 200 शिलिंग. स्वतःची एक हाइड, म्हणजे कुटुंबापुरती जमीन असलेल्या वेल्श, म्हणजे तिथल्या मूळच्या माणसाची 120, आणि जमीन नसलेल्याची 60.