सनरूफ पाहिजेच म्हणे!

सकाळपासून डोकं तापलंय. लिहून मोकळा होतो, नाहीतर रात्री झोप लागायची नाही.

भाच्याची गाडी आणायला आज कराडला गेलो होतो. पोराला अठरा पूर्ण होऊन तीन महिने झालेत. पुण्यात इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षाला प्रवेश मिळालाय, हॉस्टेलवर राहणार आहे. "तुला गाडीतलं कळतं, तू सांगशील ती घेऊ" म्हणत ताई-दाजींनी मला तीन रविवार शोरूममधून फिरवलं. मी बोललो ते सगळं मान डोलवून ऐकलं, मटणाचं जेवण घातलं, आणि घेतली कुठली? ऑन-रोड साडेचौदा लाखांची. का? तर तिला सनरूफ आहे.

सनरूफ! अरे, मार्च ते जून आपल्याकडे डोक्याला टॉवेल गुंडाळल्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही आणि यांना छत उघडं पाहिजे.

समारंभ तर बघण्यासारखा. गाडीवर लाल मखमल, समोर केक, पोराच्या हातात थर्माकोलची छातीएवढी किल्ली. ताईनं ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली, शोरूमची मुलगी "स्माइल सर" म्हणाली. सगळे हसले. दाजी जरा उशिरा हसले. बारा लाख कर्ज, सात वर्षं. नऊ टक्के धरले तरी महिन्याला १९,३०० चा हप्ता आणि फिटेपर्यंत नुसतं व्याज सव्वाचार लाखांच्या घरात. पोरगं चार वर्षांत इंजिनिअर होईल, गाडी सात वर्षांत आपली होईल. मध्ये एखादा वायडी लागून वर्ष वाया गेलं तरी पोरगंच आधी सुटणार.

बरं, हॉस्टेलवर चारचाकी लावू देत नाहीत. ॲडमिशनच्या दिवशी दिलेल्या कागदावर छापलेलं होतं, मी स्वतः वाचून दाखवलं होतं. मग गाडी कुठे राहणार? माझ्या सोसायटीत! आणि कराडहून पुण्याला चालवत आणली कोणी? मीच. पोराचं लायसन्स महिन्याभराचं आणि दाजींना कोरी गाडी हायवेला घालायचा धीर होईना. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर पोरानं हौसेनं सनरूफ उघडलं. पुढे वाळूचा ट्रक होता. दोन मिनिटांत बंद केलं.

त्या थर्माकोलच्या किल्लीपाशी मला अण्णा, आमचे वडील, आठवले.

१९९३ साल. अण्णा पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. चौदा वर्षं चेतक स्कूटर चालवून मग कर्ज काढून मारुती ८०० घेतलेली, पांढरी. तासगावच्या आमच्या गल्लीतली दुसरी गाडी. मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मित्राच्या बहिणीचं मिरजेत लग्न होतं, म्हणून आईला मध्ये घालून अण्णांकडून गाडी मागून घेतली. आणि कार्यालयाच्या फाटकातून आत घेताना डावा मागचा दरवाजा घासला. वीतभर ओरखडा, पत्रा दिसेल असा. एकोणीस वर्षांचा घोडा मी, पण पोटात असा खड्डा पडला की पंगतीत जिलेबी घशाखाली उतरेना. घरी सांगितलं का? छे. शेजारच्यांच्या फोनवर निरोप ठेवला की पाहुण्यांना जयसिंगपूरला सोडायचंय, उद्या येतो. रात्र मित्राकडे काढली आणि सकाळी गाडी रंगाऱ्याकडे नेली. त्यानं साडेतीनशे मागितले. माझ्याकडे सत्तर होते. उरलेल्या पैशांसाठी काय केलं ते पुढे सांगतो.

तर माझं म्हणणं साधं आहे. कॉलेजच्या पोराला गाडी घेताना मायलेज, डिकी, टचस्क्रीन हे सगळं मागाहून बघा. आधी एवढंच विचारा, या गाडीला ओरखडा आला तर पोरगं त्याच दिवशी घरी येऊन सांगेल का? सांगणार नसेल तर ती गाडी त्याच्यासाठी महाग आहे. मग तुमच्या बँकेत कितीका असेना.

आमच्या लेकीचं उदाहरण ताईला शंभरदा सांगून झालंय. लेक फिजिओथेरपीला, कॉलेज तळेगावच्या बाजूला, आम्ही धायरीला. एका बाजूनं चाळीस किलोमीटर, आणि हॉस्पिटलात पोस्टिंग असलं की सुटायला रात्रीचे आठ. स्कूटी होती. पण आमच्याकडचे लोक जाणतात, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत जो उतार आहे तिथे ट्रकचा ब्रेक कधी जाईल याचा नेम नाही. पावसात त्या बायपासला पोरगी दुचाकीवर आहे म्हटल्यावर हिला घास जात नव्हता. म्हणून गाडी. हौस म्हणून नाही, गरज म्हणून. २०२३ मध्ये चार वर्षं वापरलेली वॅगनआर घेतली, चार लाख दहा हजारांना, रोख. २०१९ च्या जुलैनंतरचीच पाहिजे असा हट्ट मी धरला होता, कारण त्या वर्षीच्या एप्रिलपासून एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) आणि जुलैपासून निदान चालकाची एअरबॅग प्रत्येक नव्या गाडीला सक्तीची झाली. त्याआधीची कितीही स्वस्त मिळाली तरी पोराच्या हातात देऊ नका, हात जोडून सांगतो.

हो, माहीत आहे, लगेच कोणीतरी कमेंटमध्ये टाकणार की वॅगनआरला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत एकच स्टार आहे. आहे. आज घ्यायची असती तर मी चार स्टारवाली टियागो बघितली असती, तीही सेकंडहँडच. झालं समाधान?

"सेकंडहँड म्हणजे दुसऱ्याची कटकट आपल्या गळ्यात." हे दाजींचं वाक्य. अहो, कटकट असतेच. पहिल्याच वर्षी लेकीनं अर्धा क्लच दाबून दाबून क्लच प्लेट जाळली, आठ हजारांना पडली. पण ती त्याच गाडीवर जाळली म्हणून आठ हजारांत शिकली!

आणि सेकंडहँड घ्यायला अक्कल लागते, एवढंच. सकाळी सातला जायचं, मालकाला न सांगता, इंजिन गार असताना. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर परत फिरायचं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. स्टेपनीचा आकडा बघायचा आणि चारी चाकांचे बघायचे, गाडी किती फिरलीये त्याचा अंदाज यायला लागतो. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवरचा रंग उडालाय का ते बघायचं. उडाला असेल तर बॉनेट कधीतरी उतरवलंय. आणि आमच्या सांगली-कोल्हापूरकडची गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत, अगदी शेवटपर्यंत ओढून बाहेर काढायचा. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन, पॉलिश मारून, अत्तराची बाटली टांगून विकल्या गेल्यात. सीट धुतात, कार्पेट बदलतात, पण गुंडाळलेल्या बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहतेच. मी एका गाडीत ती रेघ बघून उठलोय. तो माणूस म्हणे चहा सांडलेला. बेल्टच्या गुंडाळीत चहा!

कागदांचं तर काही अवघड नाही. आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा, असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या, थकलेली ई-चलानं आधी भरून घ्या, आणि इन्शुरन्स चौदा दिवसांच्या आत नावावर करा. झालं.

पण नाही! वॅगनआर म्हटल्यावर भाच्याच्या तोंडावर जे भाव आले... "मामा, ती तर टॅक्सीवाल्यांची गाडी." अरे बाबा, टॅक्सीवाला ती का घेतो? त्याचं पोट तिच्यावर असतं म्हणून! रोज दोनशे किलोमीटर जाणारी, कुठल्याही गल्लीत दुरुस्त होणारी, ज्याच्या पगारातून डिझेल-पेट्रोल भरायचं नाही अशा माणसालाच ती कमीपणाची वाटते. आणि खरं सांगू? मला पोराचा नाही, थोरांचा राग येतोय. पोराला सनरूफ कोणी दाखवलं? आधी दाजींच्या ऑफिसमधल्या साहेबाच्या पोरानं घेतली म्हणून हे सुरू झालं. आपण गाडी पोरासाठी घेतोय की साहेबाच्या पार्किंगसाठी?

पुण्यात हॉस्टेलवरून कॉलेजला पंधरा मिनिटं चालत जायचंय त्याला. पीएमपी बसचा पास काढ, शनिवारी एसटीनं घरी ये. मुळात त्याला गाडीची गरजच नव्हती, हे मी शेवटचं सांगतो आणि थांबतो.

थांबत नाही. अण्णांचं राहिलं.

रंगाऱ्यानं रंग मारला, संध्याकाळी गाडी तासगावला नेऊन दारात लावली, अंधार होता, अण्णांनी फक्त "जेवलास का?" विचारलं. मी दुसऱ्या दिवशी सांगलीला पळालो. रविवारी घरी आलो. अण्णा दर रविवारी बादली आणि जुनं बनियन घेऊन गाडी धुवायचे. मी ओसरीवर पेपर तोंडासमोर धरून बसलेलो. ऊन वर आलेलं. अण्णा डाव्या बाजूला गेले आणि बनियन पिळायचा आवाज थांबला. मी पेपरच्या वरून बघितलं. ते त्या दरवाज्यावर बोट फिरवत होते, सावकाश, जिथे नवा रंग संपून जुना सुरू होतो तिथे. मग म्हणाले, "पांढऱ्यात पण लई पांढरे असतात रे." एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं.

लेकीनं मागच्या पावसाळ्यात बेसमेंटच्या खांबाला गाडी घासली. डावा आरसा मुळासकट गेला. मिनिटभरात तिचा फोन. "बाबा, आरसा गेला, हसू नका." मी हसलोच. म्हटलं, तुला लागलं नाही ना, मग वर ये, चहा टाकतो. नाना पेठेतून साडेआठशेला आरसा आणला. गाडी राखाडी, आरसा काळा. वरची राखाडी टोपी मिळते, पण बदलायची कोणालाच घाई नाही. पार्किंगमध्ये आपली गाडी लांबून ओळखू येते म्हणते.

(इथवर लिहिलं आणि ताईचा फोन आला. वीस मिनिटं बोललो.)

जरा शांत झालोय. ताई म्हणाली, "आम्ही दोघांनी सगळं आयुष्य स्प्लेंडरवर काढलं रे. पावसात बाळाला पोटाशी धरून, वर प्लॅस्टिकचा कागद पांघरून दवाखान्यात गेलीये मी. ह्यांना वाटलं, पोराला तरी एकदा छतातून आभाळ दिसू दे." यावर काय बोलणार? मी गप्प बसलो. सनरूफवर अजून माझा राग आहेच, पण दाजींवरचा गेला. ते उशिरा का हसले असतील हे आत्ता कुठे लक्षात येतंय. मी हप्ता मोजत होतो, ते कदाचित वेगळंच काहीतरी मोजत असतील.

आता अण्णांचं उरलेलं. रंगाऱ्याच्या पैशांसाठी मी माझा सायंटिफिक कॅल्क्युलेटर एका सीनिअरला विकला होता. घरी कोणाला माहीत नव्हतं. त्या रविवारी त्या वाक्यानंतर अण्णांनी आणखी एकच विचारलं होतं, "पैसे कुठून आणलेस?" मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि खरंच बाहेर पडलं. ते काही बोलले नाहीत, बादली उचलून आत गेले. परीक्षेच्या आधी चार दिवस, दुपारी, हॉस्टेलच्या फाटकाशी कोणीतरी आलंय म्हणून मला बोलावलं. अण्णा उभे होते. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा कॅल्क्युलेटर. दारात गाडी असताना एसटीनं आले होते. का, ते मी कधी विचारलं नाही. चहाही न घेता परतीची गाडी पकडून गेले.

तो दरवाजा त्यांनी परत कधीच रंगवला नाही. २००४ मध्ये गाडी विकेपर्यंत तो तसाच, दोन पांढऱ्यांचा.

आत्ता खिडकीतून खाली दिसतंय. पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये भाच्याची गाडी उभी आहे, हार तसाच, सीटवरचं प्लॅस्टिक तसंच. शेजारी आमची काळ्या आरशाची. उद्या चेअरमन विचारायला येणार ही कोणाची गाडी, ते वेगळंच.

दहा मिनिटांपूर्वी भाच्याचा मेसेज आलाय. दाजी फेसबुकवर नाहीत आणि ताई वाचेल तर वाचू दे, म्हणून लिहितो.

"मामा, मला रिव्हर्स अजून नीट येत नाही. नवीन गाडी बाहेर काढायची भीती वाटते. रविवारी दीदीची गाडी मिळेल का?"

म्हटलं, सहाला ये. रस्ते मोकळे असतात. आणि येताना पीएमपीनं ये.