‘२१ दिवसांत १० किलो’ : मावशीपर्यंत पोचलेल्या मेसेजला उत्तर

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वासातला साताऱ्याहून मावसभावाचा फोन आला. मावशी फिरायला गेली होती. कॉलनीच्या कोपऱ्यावर तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. शेजारच्या काकांनी तिला धरून घरी आणलं तेव्हा ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती. तिला मधुमेह आहे, त्यामुळे घरात रक्तातली साखर मोजायचा ग्लुकोमीटर होता हे नशीब. आकडा आला ५४. भावाने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं, मग दूध-पोळी दिली. ती सावरली तेव्हा तिने सांगितलं, की चार दिवस ती दिवसातून एकदाच, दुपारी तीनला जेवत होती. भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला होता.

तो मेसेज मी मागवून घेतला. ‘२१ दिवसांत १० किलो, जिम नाही, औषध नाही.’ सकाळी उपाशीपोटी लिंबू-मध-पाणी, दिवसात एकच जेवण, भात आणि पोळी कायमची बंद, भाकरी मात्र हवी तितकी. रोज दहा हजार पावलं, तीही पोटाला प्लास्टिक गुंडाळून. बायकांनी वजनं उचलायची नाहीत. उंचीतून शंभर वजा करा, तेच तुमचं योग्य वजन. आणि शेवटी : ‘शुगरवाल्यांनीही बिनधास्त करा, आठव्या दिवसापासून गोळी बंद. चक्कर, घाम, थरथर आली तर घाबरू नका, शरीरातली घाण बाहेर पडते आहे.’

हे शेवटचं वाक्य वाचून माझा संयम सुटला, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

घाम, थरथर, धडधड, चक्कर, बोलण्यात गोंधळ ही रक्तातली साखर धोकादायक पातळीला उतरल्याची लक्षणं आहेत. ७० च्या खाली आकडा गेला की लगेच साखर द्यायची, हे मधुमेहाची औषधं चालू असलेल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवं. मेसेज नेमक्या याच लक्षणांना शुभ म्हणतो आणि सहन करायला सांगतो. मावशीने तेच केलं. आदल्या दिवशीही तिला थोडं थरथरलं होतं, पण ‘घाण निघतेय’ म्हणून ती कुणाला बोलली नाही. घाण काढायला आपल्याकडे यकृत आहे, मूत्रपिंडं आहेत, आणि ती उपास केला नाही तरी रात्रंदिवस काम करतात.

मावशी ६१ वर्षांची आहे. तिला सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी आहे. यातलं ग्लिमेपिराइड किंवा त्याच जातीचं ग्लिक्लाझाइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. माणूस जेवला आहे की नाही हे त्या गोळीला कळत नाही. पोटात अन्न नसलं तरी इन्सुलिन सुटतं आणि साखर खाली खेचली जाते. त्यात सकाळचं चालणं, म्हणजे उरलेली साखर स्नायूंनी वापरली. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही, पण ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण गाळणं म्हणजे जिवाशी खेळ. मेसेजमध्ये या औषधांचं नावसुद्धा नाही. पहिले सात दिवस गोळी चालू आणि पोट रिकामं, म्हणजे साखर कोसळण्याची भीती. आठव्या दिवशी तपासणी न करता गोळी बंद, म्हणजे साखर वर चढण्याची भीती.

यातला एक अर्धा खरा भाग मला मान्य करावा लागतो, आवडत नसला तरी. वजन बरंच उतरवून काही जणांचा टाइप २ मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात राहतो. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ नावाच्या चाचणीत वर्षाअखेर ४६ टक्के लोकांच्या बाबतीत हे झालं. पण निदान होऊन सहा वर्षांच्या आतले लोकच त्यात घेतले होते, इन्सुलिनवर असलेले घेतले नव्हते, आणि गोळ्या थांबवल्या होत्या डॉक्टरांनी, देखरेख ठेवून. मावशीच्या मधुमेहाला चौदा वर्षं झाली. तिची देखरेख कोण करणार होतं, भजनी मंडळ?

आता १० किलोंचा हिशेब. तो कुणीही कागदावर करावा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दहा किलोंच्या झाल्या ७७,०००. त्याला २१ ने भागा, रोज साडेतीन हजारांहून जास्त कॅलरींची तूट पडली पाहिजे. मावशीच्या वयाची, तिच्या बांध्याची बाई दिवसभरात सतराशे-अठराशेच्या आसपास खर्च करते. म्हणजे २१ दिवस तिने अन्नाचा कणही खाल्ला नाही तरी १० किलो चरबी जाणार नाही. तीन दिवसांत काटा दोन किलोंनी खाली आला म्हणून ती खूश होती. ते पाणी होतं. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. उपास केला की साठा संपतो, पाणी निघून जातं, आणि जेवण सुरू झालं की परत येतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. नेटवर फुकट वाचता येतात. वजन आठवड्याला अर्धा किलो उतरवणं सुरक्षित, असं त्या सांगतात. झपाट्याने वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात आणि पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. अर्धा किलो ऐकायला फारच कमी वाटतो, मला कळतं. पण तो टिकला तर सहा महिन्यांत बारा-तेरा किलो होतात.

भात-पोळी बंद आणि भाकरी हवी तितकी, हा मुद्दा आमच्या घरात सगळ्यात जास्त पटला, कारण भाकरीवर आपलं प्रेम आहे. माझंही आहे. पण शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ३३४ कॅलरी, गव्हाच्या कणकेत ३२०, तांदळात ३५६. याच संस्थेच्या अन्नघटकांच्या तक्त्यातले हे आकडे आहेत. चोथा ज्वारीत १० ग्रॅम, कणकेत ११, पांढऱ्या तांदळात तीनच्या आत. म्हणजे भाताऐवजी भाकरी घेतली तर फायदा आहे, पोळीऐवजी घेतली तर वजनाच्या बाबतीत जवळपास काहीच फरक नाही. आणि ‘हवी तितकी’ भाकरी खाऊन वजन उतरलेलं मी कुणाचं पाहिलेलं नाही. आपल्या ताटातली अडचण वेगळी आहे. चार पोळ्या आणि त्यांच्या कडेला दोन चमचे बटाट्याची भाजी, आमटीत डाळ शोधावी लागते. संस्थेने दिवसाला २००० कॅलरींचं ताट मांडलंय, त्यात कच्च्या वजनाने धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १००, डाळी, अंडी किंवा मांस-मासे मिळून ८५, शिवाय ३०० मिलिलिटर दूध-दही. ज्यांचा कॅलरींचा खर्च कमी त्यांनी धान्यावरच हात आखडायचा. चारशे ग्रॅम भाजी म्हणजे किती, हे एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा. आमच्याकडे तेवढ्यात चौघं जेवायची. मेथी, गवार, दुधी, पडवळ, शेपू महाग नाहीत. निवडायला वेळ लागतो, आणि ते काम एकट्या बाईवर पडतं, ही खरी अडचण आहे.

बाकीचे मुद्दे पटकन. मधात सुमारे ८० टक्के साखरच असते. मधुमेहीला उपाशीपोटी मध द्यायला सांगणाऱ्याला काय म्हणावं? लिंबूपाणी खुशाल प्या, चरबी त्याने वितळत नाही. प्लास्टिक गुंडाळून निघतो तो घाम, आणि मे महिन्यात असं चाललात तर उष्माघात होऊ शकतो.

दहा हजार पावलांचा आकडा वैद्यकातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानच्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ ठेवलं, तिथून तो जगभर गेला. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फारसा फरक उरला नाही. मावशीचे गुडघे दुखतात. आठ हजार झाले म्हणून ती घरातल्या घरात येरझाऱ्या घालून उरलेले दोन हजार पुरे करत होती, रात्री साडेदहाला.

उंचीतून शंभर वजा करण्याबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. वजनाच्या मानाने आपल्याकडे चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात. त्यामुळे नुसता उंची-वजनाचा हिशेब सोडा, शिंपिणीचा टेप घ्या. कंबर बायकांची ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९० च्या आत हवी.

म्हणूनच ‘बायकांनी वजनं उचलू नयेत’ हे मला गोळीच्या खालोखाल घातक वाटतं. स्नायू मुळातच कमी, साठीनंतर ते आणखी झिजतात, आणि साखर वापरून टाकणारी सगळ्यात मोठी जागा स्नायूच आहेत. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायामाबरोबर दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते, स्त्री-पुरुष असा भेद न करता. आमच्या आजीने विहिरीचं पाणी शेंदलं, जात्यावर दळलं, तिला कुणी वजन उचलू नको म्हटलं नव्हतं. मावशीने आता खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं सुरू केलंय, आणि लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन वर-खाली. डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलून दिलाय. फिरायला जाताना खिशात साखरेची पुडी असते.

चहातली साखर कमी करा, हेही त्या मेसेजमध्ये होतं. ते बरोबर आहे.

काल मी मेसेज पाठवणाऱ्या काकूंना फोन केला. भांडायला नाही, सांगायला. त्यांना वाईट वाटलं, त्यांनी चांगल्या मनानेच पाठवला होता. त्यांच्या मिस्टरांनीही तीन दिवसांपासून एकच जेवण चालू केलं होतं. मी म्हटलं, काकू, काकांच्या गोळ्यांचं पाकीट आणा आणि त्यावरचं नाव मला वाचून दाखवा. त्या चष्मा शोधून आल्या आणि एकेक अक्षर लावत वाचायला लागल्या : ग्लि-मे-पि...